सोसायटीत ‘विविधता जपायची’ म्हणजे नेमकं काय करायचं?

बेसा_रोड_सचिव

नमस्कार मंडळी. बेसा रोडकडच्या 84 फ्लॅटच्या एका स्कीमपुरता प्रश्न आहे, पण नागपुरातल्या बहुतेक नव्या वस्त्यांना लागू पडावा. निम्म्याहून जास्त घरं मराठी. त्यात वऱ्हाडी आले, झाडीपट्टीकडचे आले, पुण्याहून बदली होऊन आलेले आले. बाकी छत्तीसगढ-मध्य प्रदेशातले हिंदी भाषक, थोडे तेलुगू, थोडे बंगाली. धर्म पाहिले तर हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन, दोन ख्रिस्ती घरं आणि एक शीख. 26 फ्लॅट भाड्याने दिलेत, त्यात बहुतेक मिहानमध्ये नोकरीला असलेली पोरं-पोरी.

वार्षिक कार्यक्रमासाठी उपसमिती नेमली आणि पहिल्याच बैठकीत तीन तट पडले.

एक म्हणतो, सगळ्यांचे सण सोसायटीच्या पैशातून साजरे करा. दुसरा म्हणतो, धार्मिक काहीच नको. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि वर्षाचं एक जेवण, संपलं. तिसऱ्याचं म्हणणं, जे जास्त लोक करतात ते होऊ द्या, बाकीच्यांना कोणी अडवलंय का? गंमत म्हणजे तिघंही छातीठोकपणे सांगतात की विविधतेच्या बाजूने आम्हीच आहोत.

तर विविधतेचा अर्थ तुम्ही काय लावता, आणि त्यावरून पैसा, जागा आणि जेवण यांचे नियम कसे ठरवता? ‘आमच्याकडे एकदा असं झालं’ छापाच्या गोष्टी नकोत, त्या बैठकीत भरपूर ऐकून झाल्यात. नियम, आकडे आणि गाडी कुठे अडते, तेवढं सांगा.

उपविधीवाला

अर्थाचं नंतर पाहू. आधी कागद काढा.

तुमची सोसायटी 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली आहे की 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली? नागपुरात बऱ्याच स्कीम दुसऱ्या प्रकारच्या असतात आणि रहिवाशांना ते माहीत नसतं. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत. अपार्टमेंट असोसिएशनमध्ये स्कीमच्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) लिहिलेल्या, सामायिक मालमत्तेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या अविभाज्य हिश्श्याच्या टक्केवारीवर मत मोजलं जाऊ शकतं, म्हणजे तीन बेडरूमवाल्याचं मत एका बेडरूमवाल्यापेक्षा जड. तुमचा तिसरा गट ज्याला ‘जास्त लोक’ म्हणतो ते डोकी मोजून की चौरस फूट मोजून, हे घोषणापत्र वाचल्याशिवाय ठरत नाही.

पैशाचं. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी यांना हात लावायचा नाही, ते इमारतीचे आहेत. सहकारी संस्थेत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना समान लागतं, म्हणून त्यातून एखादी पूजा केली की ती न मानणाऱ्याकडूनही तेवढेच पैसे घेतल्यासारखं होतं. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कोणावर कर देण्याची सक्ती करता येत नाही, असं संविधानाचं अनुच्छेद 27 सांगतं. ते सरकारी करापुरतं आहे, सोसायटीला थेट लागू होत नाही. पण ठराव लिहिताना तत्त्व उसनं घ्यायला कोणाची ना नाही. मी असा मसुदा सुचवतो:

‘सर्वसाधारण निधीतून फक्त अशाच कार्यक्रमांचा खर्च करण्यात येईल, ज्यात भाग घेण्यासाठी कोणतीही धार्मिक कृती करावी लागत नाही. कोणत्याही सणासाठी इच्छुक रहिवाशांनी स्वतंत्र पावतीपुस्तकावर वर्गणी जमा करावी. जमा-खर्च कार्यक्रमानंतर 15 दिवसांत सादर करावा. शिल्लक रक्कम त्याच सणाच्या पुढील वर्षाच्या खात्यात राहील.’

हे बिघडतं एकाच जागी. वर्गणी ‘ऐच्छिक’ असते आणि देणाऱ्यांची नावं रकमेसकट लिफ्टशेजारच्या फलकावर लागतात. मग ज्याचं नाव नाही तो सगळ्यांना कळतो, आणि पुढच्या वर्षी तो मुकाट्याने 500 रुपये देतो. फलकावर फक्त एकूण जमा लावा.

समितीचं. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, 100 पर्यंत सभासद असतील तर 11 जागा असतात: 6 सर्वसाधारण, 2 महिला, अनुसूचित जाती किंवा जमाती 1, इतर मागासवर्ग 1, विमुक्त-भटके किंवा विशेष मागास प्रवर्ग 1. यात भाडेकरू कुठेच नाहीत. त्यांच्या फ्लॅटवर सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून) घेतलं जातं, म्हणजे त्या फ्लॅटमधून इतरांपेक्षा जास्तच पैसे येतात आणि राहणाऱ्याला मत नाही. तुमच्याकडे 84 पैकी 26! कायद्याने मत देता येत नसेल, पण उपसमितीवर दोन भाडेकरू निमंत्रित म्हणून घेण्याला कायद्याची आडकाठी नाही.

एक गैरसमजही काढून टाकतो. कायदा तुम्हाला विविध व्हा म्हणून भाग पाडत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सभासदत्व समाजापुरतं ठेवणारी उपविधी मान्य केली होती. तुमची वस्ती मिश्र आहे ती बिल्डरने जसं गिऱ्हाईक मिळालं तसं विकलं म्हणून. ती तशी नांदवायची की नाही हे तुमच्या ठरावांवर आहे.

पऱ्हाटी

विविधता चांगली की वाईट यावर भांडण्यापेक्षा ती कशासाठी लागते ते पाहा. विदर्भातल्या माणसाला हे वावरातून लवकर समजते.

कोरडवाहू कपाशीत अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची जुनी शिफारस आहे: कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी, ओळींचं प्रमाण 6:1:2:1. ज्वारीवर पाखरं बसतात आणि कपाशीवरच्या अळ्या टिपतात. तुरीचं मूळ खोल जाते, म्हणून पाऊस मधातच दडी मारून बसला तरी काहीतरी हाती लागते. सगळं वावर कपाशीनं भरलं तर चांगल्या वर्षी पैसा जास्त, वाईट वर्षी सगळंच गेलं.

त्याहून मोठा धडा बीटीचा आहे, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होते त्या कपाशीचा. 450 ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत 120 ग्रॅमचं बिगर-बीटी बियाणं येत असे. ते वावराच्या कडेनं लावायचं. त्या झाडांवर साध्या अळ्या जगतात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकार कमावलेल्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होतो आणि पुढची पिढी बीटीला पुन्हा बळी पडते. पण डोळ्यापुढं दिसते काय? कडेच्या ओळीत बोंडं किडलेली, उत्पन्न कमी. म्हणून अनेकांनी ते छोटं पाकीट बांधावरच फेकलं. 2017 च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते विदर्भाला सांगायची गरज नाही. लांबलेला हंगाम होता, फरदड (वेचणीनंतरही राखलेली जुनी कपाशी) होती, कारणं आणखीही होती, पण फेकलेलं पाकीट हे त्यातलं मोठं.

तर माझा अर्थ असा: जे आज उपयोगाचं दिसत नाही, उलट थोडं नुकसानीचंच वाटते, ते राखून ठेवणं म्हणजे विविधता. सोसायटीत ते पाकीट म्हणजे प्रत्येक बैठकीत नाही म्हणणारा एक माणूस. त्याला ग्रुपमधून काढू नका.

निळी_पायवाट

पऱ्हाटीभाऊ, उदाहरण झकास आहे, पण माणसांना लावताना एक गोष्ट निसटते. वावरात पेरणारा वेगळा आणि पीक वेगळं. तुरीला ‘तू दोनच ओळी, तीही मधे’ असं सांगितलं तरी तिचा अपमान होत नाही. समाजात कोण किती ओळींत आणि कुठे, हे पिकांपैकीच एक पीक ठरवत आलं आहे.

आणि जात हीसुद्धा विविधताच की! वेगळी आडनावं, वेगळं जेवण, वेगळी दैवतं, वेगळ्या वस्त्या. तिचा उत्सव करायचा का? बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते याचसाठी. वेगळेपण एका पातळीवर उभं असेल तर ती विविधता, एकावर एक रचलेलं असेल तर उतरंड. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणाचा आशय असा आहे की बंधुभाव नसेल तर समता आणि स्वातंत्र्य रंगाच्या थरापेक्षा खोल जाणार नाहीत. सगळ्यांच्या वेशभूषेतली पोरं स्टेजवर हात धरून उभी करणं हा तोच थर.

उतरंड आहे की नाही हे तपासायला सर्वेक्षण लागत नाही. सचिवसाहेब, एक फेरी मारा आणि या पाच गोष्टी लिहून काढा:

घरकामाच्या ताईंना मुख्य लिफ्ट चालते का. गार्डला पाणी कोणत्या पेल्यात मिळतं आणि तो पेला कुठे ठेवलेला असतो. कचरा उचलणाऱ्याला हात धुवायला नळ आहे का, की तो बागेच्या पाइपवर धुतो. फ्लॅट भाड्याने देताना मालक पहिला प्रश्न पगाराचा विचारतात की ‘पूर्ण नाव काय’ असा. आणि गेल्या तीन वर्षांत समितीच्या राखीव जागा कितीदा रिकाम्या राहिल्या.

आडनावाचं मनाने सांगत नाही. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. अर्ज तेच, शिक्षण तेच.

आणि दुसऱ्या गटाला एक प्रश्न. तुमच्या ‘धार्मिक काहीच नको’च्या यादीत 26 जानेवारी आहे. 14 एप्रिल कोणत्या रकान्यात टाकता? राष्ट्रीय, धार्मिक, की ‘त्यांचा’?

सरळ_रेघ

मी त्या दुसऱ्या गटाच्या बाजूचा, म्हणून उत्तर देतो. 14 एप्रिल राष्ट्रीय रकान्यात. संविधानाचा दिवस साजरा करायचा आणि मसुदा समितीच्या अध्यक्षांचा नाही, हे हास्यास्पद होईल. चूक मान्य.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. वेगळेपण मोजत बसलं की वेगळेपणच वाढतं. राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी अमेरिकेत सुमारे 30,000 लोकांच्या पाहणीवरून 2007 मध्ये मांडलं होतं की जास्त मिश्र वस्त्यांत लोकांचा विश्वास कमी आढळतो, परक्यांवरचाच नव्हे तर आपल्यातल्यांवरचाही. कासव पाय आत घेतं तसं माणूस घरात शिरतो. ते स्वतः विविधतेचे विरोधक नाहीत. हा सुरुवातीचा टप्पा असतो आणि पुढे नवी सामायिक ओळख तयार होऊ शकते, असंच त्यांचं म्हणणं. पण ती ओळख आपोआप उगवत नाही. नागपूरच्या फ्लॅट स्कीममध्ये ती टँकरच्या रांगेत, पार्किंगच्या पट्ट्यांत आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात तयार होते. पाच सणांच्या पाच समित्या केल्या की पाच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होतात आणि सहावा ग्रुप त्यांच्यावर कुरकुर करणाऱ्यांचा.

म्हणून नियम असा करा की त्याला कोणाचा सण आहे हे विचारावंच लागू नये. आवाजाचं घ्या. रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, तेवढेच दिवस तुम्हीही पाळा, स्वतःचे वाढवू नका. आरती, गरबा, कव्वाली, भीमगीतं, ख्रिसमस कॅरोल, सगळ्यांना तेच घड्याळ. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप पुराव्याला चालत नाही, पण स्पीकरचं तोंड कोणत्या बाल्कनीकडे करायचं हे ठरवायला पुरतं.

सूचनाफलकाची भाषा: वर मराठी, खाली हिंदी. त्यावरून रुसवे-फुगवे नकोत. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, या गावाला दोन्ही भाषांची सवय आहे.

चिठ्ठ्या_टाका

वरच्या दोघांचं भांडण पुढच्या अभ्यासांनी बरंचसं सोडवलेलं आहे, फक्त ते सोसायट्यांपर्यंत पोचत नाही.

नुसतं शेजारी राहणं पुरत नाही. एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हायचे तर मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच चार अटी सांगितल्या होत्या: दर्जा समान, उद्दिष्ट एक, काम मिळून, आणि वरच्यांचा पाठिंबा. निळी_पायवाट यांची लिफ्ट पहिल्या अटीत येते, सरळ_रेघ यांचा टँकर दुसऱ्या आणि तिसऱ्या. म्हणजे दोघं एकाच यादीच्या दोन टोकांवर उभे आहेत.

उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग घेऊन मॅट लोव यांनी केलेला प्रयोग 2021 मध्ये छापून आला. संघ चिठ्ठ्यांनी पाडले, काही एकाच जातगटाचे, काही मिश्र. एकाच संघात खेळलेल्यांच्या दुसऱ्या जातीतल्या मैत्र्या वाढल्या. पण दुसऱ्या जातीच्या मुलांशी फक्त विरोधी म्हणून सामना झाला तिथे त्या उलट कमी झाल्या. मैदान तेच आणि चेंडू तोच, फक्त बाजू बदलली.

आता सांगा, वार्षिक क्रीडास्पर्धेत तुम्ही काय ठेवता? ‘ए विंग विरुद्ध बी विंग’. आणि एका विंगेत मोठे फ्लॅट, दुसऱ्या विंगेत लहान फ्लॅट आणि भाडेकरू. हे बंद करा. 48 खेळाडू असतील तर 8 जणांचे 6 संघ. आधी वयाचे तीन डबे करा: 16 च्या आतले, 16 ते 40, 40 च्या वरचे. प्रत्येक डब्यात विंग आणि मालक-भाडेकरू असं लिहून चिठ्ठ्या टाका आणि प्रत्येक संघाला तिन्ही डब्यांतून आळीपाळीने उचला. धर्म-जातीचा रकाना करू नका, तो विचारणं हीच एक गाठ होऊन बसते. विंग आणि भाडेकरू एवढं मिसळलं की बाकीचं बरंच आपोआप मिसळतं. चिठ्ठी बदलून द्यायची नाही. ‘आम्ही दोघं भाऊ आहोत, एकत्र टाका’ या पहिल्या सवलतीनेच सगळं फिसकटतं.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी हिंदू-मुस्लिम दंगलींच्या बाबतीत कालिकत-अलीगढ अशा, एक शांत आणि एक दंगलीचं, शहरांच्या जोड्या तपासल्या. रोजच्या नमस्कार-चमत्कारापेक्षा दोन्ही समाजांचे लोक ज्यांत सभासद आहेत अशा संस्था, म्हणजे व्यापारी संघ, कामगार संघटना, वाचनालयं, जास्त उपयोगी पडलेल्या दिसतात. अफवा आली की फोन करायला माणूस असतो. मार्च 2025 मध्ये नागपूरच्या महाल-हंसापुरीत दंगल आणि मग संचारबंदी झाली. तशा वेळी नवी शांतता समिती बसवून हाती थोडंच लागतं. फोन नंबर आणि तो लावायची सवय, दोन्ही आधीची लागतात.

मतदानाबद्दल एक. व्हॉट्सअ‍ॅप पोलमध्ये कोणी काय टिचकी मारली ते सगळ्यांना दिसतं. तिथे ‘नाही’ कोणी म्हणत नाही. कागदाच्या चिठ्ठ्या घ्या, आणि ‘तुम्हाला कोणतं आवडेल’ असं न विचारता ‘यांतलं काय काय चालेल’ असं विचारा, हव्या तितक्या खुणा करू द्या. पहिल्या प्रश्नात दरवर्षी तेच 45 जिंकतात. दुसऱ्यात सर्वांत कमी लोकांना खुपणारा पर्याय वर येतो.

उपविधीवाला

सरळ_रेघ यांच्या घड्याळाच्या नियमाला जोड देतो. विजयादशमीला याच शहरात काही किलोमीटरच्या अंतरावर दोन मोठे मेळावे भरतात, एक दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा, एक रेशीमबागेत संघाचा. दोघांचा त्या दिवसाचा अर्थ वेगळा आहे आणि तो जुळवायला कोणी जात नाही. जुळवतात ते रस्ते, वेळा, पार्किंग आणि पाण्याचे टँकर. सोसायटीनेही सभागृहाचं बुकिंग रजिस्टर नीट ठेवावं: अनामत सगळ्यांना सारखी, वेळ सारखी, सफाई त्याच रात्री, आणि दोन मागण्या एकाच दिवशी आल्या तर चिठ्ठी. नोंद पेनाने, तारीख आणि वेळ टाकून. पेन्सिलीने लिहिलेल्या रजिस्टरात बहुसंख्याकांचा सण नेहमीच आधी नोंदलेला निघतो.

झारा_आणि_गंज

सगळं वाचलं. पण वर्षाच्या जेवणाचं कोणीच बोललं नाही, आणि मारामारी तिथंच होते जी.

250 पानांचा हिशोब धरतो. पोळी, पुरी असं सोबत असेल तर तांदूळ 20 किलो, कणीक 18, वरणाला तूरडाळ साडेसात, पाटवडीला बेसन 10. मांसाहार निम्मे लोक घेतील असं धरलं तर 20 किलो पुरतं. सावजी मसाल्याचा रस्सा सगळ्यांसाठी एकच करू नका. पुण्याहून आलेल्याला तो झेपत नाही, आणि फिक्का केला तर इथला माणूस नाव ठेवतो. एकाच गंजात मध्यम रस्सा करा आणि तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्याला पाहिजे तो वरून घेईल.

रांधायचा क्रम बदलायचा नाही. पहिलं जैन: कांदा, लसूण, आलू, गाजर, ओलं आलं, काही नाही. मग साधं शाकाहारी. सगळ्यात शेवटी मांसाहार, तोही वेगळ्या शेगडीवर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. तळणाचं तेल हीच खरी चोरवाट आहे. ज्या कढईत मासा तळला तिच्यातच पुऱ्या सोडल्या की पाटी हिरवी असून काय उपयोग? कढया दोन, झारे दोन, आणि आचाऱ्याला तोंडी सांगू नका, ऑर्डरच्या कागदावर लिहा.

जैन पान कशानं फसतं सांगू? स्वयंपाकानं नाही, वेळेनं. त्यांच्यातले बरेच सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. नागपुरात डिसेंबरात साडेपाचच्या सुमाराला दिवस मावळतो. तुम्ही जेवण रात्री 8 ला ठेवता आणि म्हणता, आम्ही जैन काउंटर केलं होतं, कोणी आलंच नाही! दुपारचं जेवण ठेवा, नाहीतर ते काउंटर पावणेपाचला उघडा.

मटण-कोंबडीचं: मुस्लिम घरांना हलाल लागतं, आणि धर्माची मर्यादा पाळणारा शीख हलाल घेत नाही. दोघांना सांभाळायचं तर दोन दुकानं, दोन गंज. तेवढं जमत नसेल तर मासा ठेवा, रोहू किंवा कतला. त्याला दोघांची अडचण नाही. तारीख पाहताना श्रावण, चतुर्थी, एकादशी, नवरात्र, पर्युषण आणि रमजान टाळा. रमजान दरवर्षी साधारण 11 दिवसांनी आधी येतो, आणि अधिक महिना आला की पुढचे आपले सण 19-20 दिवस पुढं सरकतात. म्हणून गेल्या वर्षीची तारीख डोळे मिटून उचलायची नाही, दोन्ही कॅलेंडर समोर ठेवायची.

पाट्या लावताना शाकाहाराला हिरवा गोल, मांसाहाराला तपकिरी त्रिकोण. पाकिटावर हल्ली त्रिकोणच असतो, रंग ओळखू न येणाऱ्यालाही तो कळतो. आणि डाव भांड्याला सुतळीनं बांधा. हसू नका. बफेत अर्ध्या तासात रश्श्याचा डाव पनीरमध्ये सापडतो, आणि मग जो भांडायला येतो त्याचं चुकत नाही.

निळी_पायवाट यांच्या दर्जाच्या मुद्द्यावर माझं उत्तर पंगत. बफेत ओळखीचे ओळखीच्यांसोबत कोंडाळं करतात. पंगतीत शेजारी कोण येतो ते आपल्या हाती नसते. वाढपी चिठ्ठीनं काढा, मालक-भाडेकरू दोन्ही. गार्ड, सफाईवाले आणि घरकामाच्या ताया पहिल्या पंगतीला, पत्रिकेत नाव लिहून. रात्री 10 ला उरलेलं डब्यात भरून देणं याला जेवायला बोलावणं म्हणत नाहीत.

निळी_पायवाट

शेवटच्या दोन वाक्यांसाठी झारा_आणि_गंज यांना जय भीम.

एकच पुस्ती. पत्रिकेत नाव म्हणजे ‘आपले सफाई कर्मचारी’ असं नाही. जसं समिती सदस्यांचं छापता, तसं पूर्ण नाव.

सरळ_रेघ

वाढपी चिठ्ठीने काढणं मान्य. चार पाककृती समांतर चालवण्याला मात्र अजून हरकत आहे. सगळं शाकाहारी, कांदा-लसूण वगळून एकच जेवण ठेवलं तर एक शेगडी, एक पाटी आणि भांडण शून्य.

झारा_आणि_गंज

भांडण शून्य नाही जी, भांडण दिसत नाही. ज्याला रोजचं जेवण घरीच ठेवून यावं लागते तो येतो, दोन घास खातो आणि लवकर जातो. खर्च वाचतो हे खरं आहे, तेवढ्यासाठी करायचं असेल तर खुशाल करा. त्याला सगळ्यांचं जेवण म्हणू नका.

बेसा_रोड_सचिव

सगळ्यांचे आभार. उपसमितीपुढे ठेवायला एवढं काढलं आहे: उपविधीवाल्यांचा मसुदा, 14 एप्रिल सर्वसाधारण निधीतून, दोन भाडेकरू निमंत्रित, संघ आणि वाढपी चिठ्ठीने, जेवण दुपारी साडेबाराला, पंगत. घोषणापत्र काढून पाहिलं, अपार्टमेंट कायदाच आहे आणि मतं टक्केवारीवर आहेत, म्हणजे ‘चालेल’वाल्या चिठ्ठ्या डोकी मोजून घ्यायच्या तर तसा वेगळा ठराव आधी लागेल. मांसाहाराचं मात्र सुटलेलं नाही, ते चिठ्ठ्यांवर सोडतो. लिफ्टचा मुद्दा विषयपत्रिकेत पहिला घेतोय, शेवटी ठेवला की लोक उठून जातात.

झारा_आणि_गंज, एक बारीक शंका. सामानाच्या यादीत तुम्ही ‘सांबार 2 किलो’ धरायला सांगाल असं गृहीत धरून लिहिलं, तर आमचे तेलुगू खजिनदार म्हणतात, सांबार किलोने कसं आणायचं, आणि पाटवडीबरोबर सांबार कशाला?

झारा_आणि_गंज

यादीत कोथिंबीर लिहा. दुकानदाराला सांबार म्हणा. आणि 2 नाही, 3 किलो घ्या, डेठं काढल्यावर तेवढं उरत नाही.